हद्दीत आलेलं कॉलेज

मला राग लवकर येतो. माझ्या घरचे म्हणतात, नाकावरच बसलेला असतो. असू दे. पण राग यायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं. आमचं कॉलेज बंद पडलं तेव्हा मी वर्षभर असा माणूस शोधत होते की ज्याच्यावर एकदा तरी पोटभर ओरडता येईल. सापडला नाही. ज्याच्याकडे जावं तो खुर्ची पुढे करायचा, पाणी विचारायचा आणि म्हणायचा, "खरं आहे हो मॅडम तुमचं." आता यावर काय ओरडणार, कपाळ?

मी खडकीत राहते. वडील तिथल्या कारखान्यात होते; ते निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, पण खडकी काही सुटली नाही. भूगोल शिकवते. नोकरी मात्र हिंजवडीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथल्या कॉलेजात. रोज दोन बस बदलून जायचं. पुढे कंपन्यांच्या एसी बसगाड्यांची रांग, आणि त्यांचा धूर खात मागे आमची बस. नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न, "अजून तिकडेच का गं तू?" जसं काही मला येरवड्याला टाकलंय आणि हे लोक माझ्या सुटकेची वाट बघतायत.

कॉलेज म्हणजे काय, दोन मजली इमारत आणि मागे पत्र्याची शेड. बी.ए. आणि बी.कॉम. एवढंच. बाहेरच्याला वाटेल, याने पंचक्रोशीला काय फरक पडतो? तर पडायचा. गावात बस येत होती ती कॉलेजमुळे. फाटकासमोर वळायची आणि परत जायची. त्याच बसने म्हाताऱ्या दवाखान्यात जायच्या, भाजीवाल्या बाया टोपल्या घेऊन जायच्या. कोणाला कसलाही अर्ज भरायचा असला की लोक थेट आमच्या क्लार्ककडे येऊन बसायचे. वाचनालयात मुलांपेक्षा पागोटेवाले जास्त, सकाळी पेपर त्यांच्या हातून सुटला की मग आम्हाला. भूगोल विभागाचा पर्जन्यमापक पटांगणात तारेच्या कुंपणात उभा होता. पाऊस झाला की शेतकरी स्टाफरूमच्या खिडकीत डोकं घालून विचारत, "बाई, किती पडला?" आकडा सांगितला की मान हलवून जात. त्या आकड्याचं ते पुढे काय करत देव जाणे, पण विचारल्याशिवाय जात नसत. पत्र्याच्या शेडमध्ये लग्नाच्या पंगती उठायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मी तिथेच समोच्च रेषा शिकवायची तेव्हा मठ्ठ्याचा वास येत असायचा.

आणि मुली. खरं म्हणजे हे आधी सांगायला हवं होतं. कॉलेज नसतं तर त्या भागातल्या बारावी झालेल्या मुलींपैकी निम्म्या जणी त्याच उन्हाळ्यात बोहल्यावर उभ्या राहिल्या असत्या. कॉलेज होतं म्हणून तीन वर्षं थांबायला आईबापांना कारण मिळत होतं. "शिकतीय अजून," एवढं वाक्य पाहुण्यांना पुरायचं.

पण मुली आपल्या पायाने येत नसत, आणाव्या लागत. जून उजाडला की आम्ही प्राध्यापक मंडळी वाडीवाडीवर हिंडायचो, कोणी मोटरसायकलवर, कोणी माझ्यासारखी मागे बसून. शहरातल्या कॉलेजांत प्रवेशासाठी रांगा लागतात. आमच्याकडे उलटी गंगा, आम्हीच दारात उभे. "विद्यार्थी द्या हो, माय!" एवढंच म्हणायचं बाकी असायचं. विद्यार्थी नाहीत तर वर्ग नाही, वर्ग नाही तर आमची नोकरी नाही, सगळं सरळ होतं. लाज वाटायची सुरुवातीला. मग सवय झाली.

अशाच एका जूनमध्ये ती मला भेटली. गावातलंच घर, कॉलेजच्या वरच्या अंगाला. आम्ही गेलो होतो तिच्या चुलतनणंदेसाठी. ही सून, लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली, कडेवर लेकरू, पाण्याचा तांब्या घेऊन आली. नणंदेने नाही म्हणून सांगितलं. आम्ही उठलो तर ही उंबऱ्याशी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं ते पाऊस मोजायचं भांडं आमच्या गच्चीवरून दिसतं. मी रोज बघते. त्यात काडी बुडवून वाचतात ना?"

मी म्हटलं, "बारावी झालीये का?"

"झालीय. भूगोल होता."

मग मी काय उठते? परत बसले. तिची आई दूरच्या तालुक्यात अंगणवाडीत मदतनीस होती. जन्मभर खिचडी शिजवली आणि पर्यवेक्षिका बाई तपासणीला आल्या की उभी राहिली. मुलीला त्या पर्यवेक्षिकेच्या खुर्चीत बसायचं होतं. त्याची परीक्षा असते, आणि परीक्षेला बसायला पदवी लागते. इतकं साधं, सरळ. लग्नाआधी ठरवलं होतं, लग्नात राहून गेलं.

प्रश्न सासऱ्यांचा होता. त्यांना घरात सगळे आबा म्हणत, मीही म्हणायला लागले. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, गच्चीकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाई, कॉलेज हितं दारात हाय. हितं हाय तवर शिकंल ती. माझी ना न्हाई." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण आबांचा शब्द पडला होता. नवऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. तो हिंजवडीतल्या एका कंपनीची बस चालवतो, पहाटे जातो आणि अंधार पडल्यावर येतो. तो म्हणाला, "शिकू दे की."

ती शिकली. आणि कशी! दोन तासांच्या मधल्या वेळात पळत घरी जायची, लेकराला पाजून पळत परत यायची. पदराला दुधाचा वास आणि हातात नकाशा. मी खवळले की बाकीची मुलं खाली बघत, ही हसायची. म्हणायची, "मॅडम, आमच्या सासूबाईंपुढं तुम्ही काहीच नाही." पहिल्या वर्षी वर्गात पहिली आली, दुसऱ्या वर्षीही तीच. पर्जन्यमापकाचं काम तिने स्वतःकडे ओढून घेतलं होतं. शेतकरी मला सोडून तिलाच विचारायला लागले, "सूनबाई, किती पडला?" मला इतका आनंद व्हायचा की मी तो कोणाला दाखवत नसे. पदवीला फक्त एक वर्ष उरलं होतं.

याच सुमारास गावाला शहराचे डोहाळे लागले.

त्यात गावाचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या. त्यांचा कचरा गावाच्या ओढ्यात, त्यांचे टँकर गावाच्या रस्त्यावर, आणि गावाच्या नळाला मात्र दोन दिवसांआड पाणी. लोक म्हणत, आम्हाला एकदाचं पुण्यात घ्या. हद्दीत आलो की पाणी येईल, गटार होईल, दिवे लागतील. यात खोटं काय होतं? आम्हीही मान डोलावली. आमच्या प्राचार्यांनी तर मोर्चात कॉलेजची मुलं पुढे उभी केली, कारण शिकलेली पोरं पुढे असली की वजन पडतं. फलक रंगवले आमच्या वर्गात, माझ्या नकाशाच्या टेबलावर. सर्वांत सुबक अक्षर तिचं, म्हणून मोठा फलक तिने लिहिला, "आमचं गाव शहरात घ्या!" आबा मोर्चात सर्वांच्या पुढे. हलग्या काय, घोषणा काय, सुनेने लिहिलेल्या फलकाचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं होतं.

आणि गाव शहरात आलं. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी फटाके फुटले, गुलाल उधळला गेला, माझी पांढरी साडी कायमची कामातून गेली. मी हसतच घरी आले. बसमध्ये लोक बघत होते, मी म्हटलं, बघा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. चहा आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. एरवी त्यांच्याकडे चहा कुठला. ते म्हणाले, ग्रामीण भागातल्या कॉलेजला कमी मुलांवर वर्ग चालवायची सवलत असते. शहरातल्या कॉलेजला नसते. आपण आता शहरात आहोत. आपली संख्या शहराच्या नियमात बसत नाही. या जूनपासून वर्ग बंद, मुलं आणि शिक्षक आपल्याच संस्थेच्या पुण्यातल्या कॉलेजात सामावून घेणार.

मग बी.कॉम.चे एक सर म्हणाले, "म्हणजे मोर्चा आपणच काढला, तो आपल्याच अंगावर." कोणीही हसलं नाही. इतक्या शिकलेल्या माणसांत हे एकालाही सुचलं नव्हतं. ग्रामीण वस्ती कशाला म्हणतात आणि नागरी वस्ती कशाला, हे मी दर वर्षी फळ्यावर दोन रकाने पाडून शिकवते. पण त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर आमचं कॉलेज उभं होतं, हे कोणाच्या लक्षात यावं? पाणी मागायला गेलो आणि घागरच फुटली.

आता गंमत ऐका. पुण्यातलं ते कॉलेज माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. अख्ख्या नातेवाइकांत मीच एक सुतकी चेहऱ्याने हिंडत होते, बाकीचे अभिनंदन करत होते. "सुटलीस बाई एकदाची!" माझी बहीण म्हणाली. मी तिच्यावर अशी उखडले की ती आठ दिवस बोलली नाही. पण खरं तर तिचं काय चुकलं होतं? माझे पाय दुखायचे थांबले होते, हे खोटं नाही.

मी आबांकडे गेले ते भांडायच्या तयारीने. मनात सगळं जुळवून गेले होते. आबा, तुम्ही म्हणालात कॉलेज इथे आहे तोवर, पण आता अर्ध्यात सोडू नका वगैरे. आबा ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "जाऊ द्या तिला पुन्याला. मी न्हाई अडवत. आम्हीच गुलाल उधळला, आता कुनाच्या नावानं बोंबलावं?" सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "लेकरू मी बगते. गुडघं दुखत्यात, पर बगते." नवरा म्हणाला, जा. घरात एकानेही नाही म्हटलं नाही. माझी भांडणाची सगळी तयारी फुकट गेली, आणि मला तेव्हा वाटलं, चला, मार्गी लागलं.

कसलं मार्गी लागतंय. कॉलेज बंद झाल्यावर बस फाटकापर्यंत येईनाशी झाली, कोणासाठी येणार? ती आता मोठ्या रस्त्यावरूनच पुढे जायची. तिथवर चालत जायचं, मग हिंजवडीच्या गर्दीतून एक बस, मग दुसरी. तिचा नवरा दुसऱ्या फेरीला त्याच वेळी, त्याच रस्त्याने, पुण्यातली माणसं आणायला रिकामी बस घेऊन निघायचा. रिकामी! गावाच्या फाट्यावरून! पण बसमध्ये कॅमेरा, बाहेरचं माणूस दिसलं की नोकरी गेली. एकदा ती मला सांगत होती, "मॅडम, आमची बस सिग्नलला उभी होती, शेजारी यांची बस. यांनी मला बघितलं, मी यांना बघितलं. दोघंही हसलो." ती हे हसत सांगत होती. मला हसू येईना.

माझी प्रात्यक्षिकं सकाळी असायची. ती पोचायची तेव्हा मुलं साहित्य आवरत असायची. घामाने डबडबलेली, दारात उभी राहून म्हणायची, "येऊ का, मॅडम?" मी म्हणायचे, ये. पण मी ये म्हणून भागत नव्हतं. त्या कॉलेजात हजेरी म्हणजे हजेरी. बोटाचा ठसा, तोही वेळेत. नाही भरली तर परीक्षेला बसता येत नाही.

मग लेकरू आजारी पडलं, सासूबाई पाय घसरून पडल्या, म्हशीचं दूध काढायला कोणी नाही. एकातून एक. ती दोन दिवस यायची, चार दिवस नाही. दिवाळीनंतर यायची थांबली. कोणी थांबवलं नाही तिला, हे मी परत सांगते. कोणी थांबवलं असतं तर मी त्याचा समाचार घेतला असता.

नव्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे मी तीनदा गेले. बाई अतिशय सभ्य. "अहो, आपलं म्हणणं मला पटतं," त्या म्हणाल्या, "पण एकीला सवलत दिली की उद्या कोथरूडची मुलगीही म्हणेल, मला लांब पडतं." मी म्हटलं, "कोथरूडच्या मुलीला म्हैस आहे का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "हे नियमात कुठे लिहायचं, तेवढं सांगा." बाहेरून परीक्षा द्यायची म्हटलं तर भूगोलाला बाहेरून देता येत नाही, प्रात्यक्षिकं असतात. विषय बदलायचा तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून घरात कसं मागू, मॅडम? एकदा दिलं त्यांनी." हात चोळत बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात तिच्या वर्गाची परीक्षा झाली. पहिल्या पेपरच्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, भूगोलाचा पेपर झाला ना आज? मला त्याचा फोटो पाठवाल?"

"कशाला गं?"

"बघते. सोडवून बघते. वेळ लावून, पुस्तक न घेता. तुम्ही तपासाल?"

काय बोलणार? पाठवला. आणि प्रत्येक पेपरला हेच. दुपारी खोलीचं दार लावून ती लिहायला बसायची. आबा बाहेर ओट्यावर. टीव्ही बंद, लेकराला कडेवर घेऊन तेच फिरवायचे, कोणी हाक मारली तर हातानेच गप्प करायचे. हे तीच मला सांगायची, लिहिलेल्या पानांचे फोटो पाठवताना. मी ते मोबाइलवर मोठे करून करून तपासले. शेजारी कॉलेजच्या खऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असायचा. त्यातली बरीचशी उत्तरं वाचून मला चीड यायची आणि तिची वाचून रडू यायचं. मी रडणाऱ्यांतली बाई नाही, पण आलं.

सगळे पेपर तपासून झाले तेव्हा मी फोन केला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"खरं सांगा हं, मॅडम. माझं मन राखू नका."

"मी कधी कोणाचं मन राखलंय का?" मी म्हटलं. "पहिला वर्ग. काठावर नाही, चांगला."

पलीकडून बारीक आवाजात, "म्हणजे पास झाले असते."

"हो. झाली असतीस."

मागून आबांचा आवाज आला, "काय म्हनल्या बाई? पास का?" तिने काय उत्तर दिलं मला ऐकू आलं नाही. बहुतेक तिच्याच्याने काही बोलवलं नसेल, नुसती मान हलवली असेल. पुढच्या क्षणाला फोन आबांच्या हातात. एवढा कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाजात मावत नव्हता.

"बाई, लई उपकार झालं तुमचं. मला वाटलंच हुतं, तुम्ही कायतरी सोय लावनार. तवा त्या रोगाच्या साथीत माझ्या पुतन्यानं बी असंच घरी बसून मोबाईलवर पेपर दिलं, पास झाला, सर्टिफिकीट बी आलं. मी घरात कुनाला हूं का चूं करू दिलं न्हाई बगा. आता हिचं सर्टिफिकीट कवा मिळायचं?"

"आबा..." मी म्हटलं.

"तुम्ही पाठवू नगा. मी सोता येतो पुन्याला आनायला. धुतल्यालं धोतर नेसून येतो."

मागे ती म्हणत होती, "आबा, द्या इकडं. आबा, द्या ना फोन."

"आबा, तिच्याकडे द्या जरा फोन," मी म्हटलं.

"देतो की. आदी तारीख तेवढी सांगा."